कान तुटलेला कप

४ फेब्रुवारी

प्रिय ठिपके,

अक्षर ओळखून पाकीट तसंच टोपलीत टाकलं असशील तर हे सगळं मी भिंतीशी बोलतेय. पण उघडलंस असं धरून चालते.

पत्ता तुझ्या आईने दिला, फोन नंबर दिला नाही. ताई म्हणाली, "पत्र न वाचता फाडता येतं. फोनवर पोरीला तुझा आवाज तरी ऐकावा लागेल." सख्खी थोरली बहीण माझी, पण तुझ्या बाजूने उभी आहे. तिने तुझ्याच बाजूने उभं राहायला हवं, तेव्हा तक्रार नाही.

काम असं की तुझा टॅब माझ्याकडे आहे. तीन वर्षांपूर्वी आजोबांच्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलावर तू तो ठेवलास, बॅग उचललीस आणि गेलीस. तेव्हापासून तो कपाटात टॉवेलांखाली होता. मी तो वापरायला काढलाय. आधी वापरायचा आणि मग विचारायचं, याला काय म्हणतात ते तूच ठरव. दोन दिवस चार्जिंगला लावल्यावर त्याने डोळे उघडले आणि चार आकडे मागितले. तुझी जन्मतारीख चालली नाही, ताईचीही नाही. मग आजोबांच्या दुकानाची काच आठवली. विकायला ठेवलेलं घड्याळ ते नेहमी दहा वाजून दहा मिनिटांवर थांबवायचे, चेहरा हसरा दिसतो म्हणून. एक शून्य एक शून्य दाबलं आणि उघडलं.

तर बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली तुझी मावशी आता शनिवारी आणि बुधवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत टॅबवर चित्र काढायला शिकायला जाते. अगदी बिगारीपासून. आम्ही नऊजण आहोत. माझ्या शेजारी एक बसचालक बसतात, निवृत्त झालेले, हाताला अजून स्टिअरिंगची सवय आहे, त्यामुळे गोल फार छान काढतात. शिकवणारी माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. मला दारात बघून तिचा चेहरा उतरला.

"बाई, तुम्ही? तुम्ही माझी तीन खोडरबरं जप्त केली होती."

"आणि चौथं?" मी विचारलं.

"चौथं आणायची हिंमत झाली नाही."

माझा तो नियम तुला सांगायला नको. वर्गात खोडरबर बंद. चुकलेली रेघ तशीच ठेवायची आणि तिच्या शेजारी बरोबर रेघ काढायची. बत्तीस वर्षांची खोडरबरं एका पत्र्याच्या डब्यात आहेत, डबा अजून कपाटावर आहे. आणि इथे काय, तर दोन बोटं काचेवर टेकवली की शेवटची रेघ गायब. पहिल्या दिवशी एका सरळ रेघेसाठी मी एकेचाळीस वेळा दोन बोटं टेकवली. काच गुळगुळीत आहे, पेन घसरतं, असं मी शिकवणारीला सांगितलं. तिने फक्त मान हलवली. नाचता येईना अंगण वाकडं, हे मीच वर्गात किती पोरांना सुनावलंय.

तुझी चित्रं टॅबमध्ये तशीच आहेत. मी उघडलेली नाहीत. टॅब परत हवा असेल तर एक ओळ लिही, लगेच पाठवते.

मावशी


१९ फेब्रुवारी

प्रिय ठिपके,

ओळ आली नाही. तेव्हा वापरतेय.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं. चित्रं उघडली होती. पहिल्याच दिवशी. चहा गॅसवर ठेवला होता तो उतू गेला, पातेलं करपलं, इतका वेळ बघत होते.

या आठवड्यात लेयर शिकलो. तुला हसू येईल, तू हे झोपेतही करायचीस. एकावर एक पारदर्शक कागद ठेवायचे. खालच्यावर कच्चं, वरच्यावर पक्कं, मग खालचा काढून टाकायचा. खालचा कागद फिकट करता येतो, आणि त्यात बाहेरून फोटोसुद्धा आणून ठेवता येतो. शिकवणारी म्हणाली, "नमुना समोर असावा म्हणून फोटो आणायचा. गिरवायला नाही." हे बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. तिने पाहिलं नसणार, ती बसचालकांच्या मागे उभी होती. चोराच्या मनात चांदणं.

त्या दिवसाबद्दल एकदा बोलायला हवं, ते आज बोलून टाकते. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रकार निवडायचा होता, आणि जाणकार म्हणून समितीत मी होते. तुझं आजोबांचं चित्र टेबलावर आलं. अध्यक्षांनी विचारलं, "हे हाताने काढलंय की फोटो गिरवलाय?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला जे वाटलं ते मी बोलले, खाली फोटो ठेवून गिरवल्यासारखं वाटतं. तुला आत बोलावलं, विचारलं, तू काहीच बोलली नाहीस. काम दुसऱ्याला गेलं. ठिपके, मला खरंच तसं वाटलं होतं. नव्या यंत्रांचं मला तेव्हा काय कळत होतं? माणसाचा अंदाज चुकतो. एवढ्यावरून तू या घरी येणंच सोडशील असं वाटलं नव्हतं.

ते चित्र आता रोज बघते. आजोबा टेबलावर वाकलेत, डोळ्याला भिंग, उजव्या हातात चिमटा, डाव्या अंगठ्याखाली एवढंसं चाक. टेबलाच्या कडेला कप. पन्नास वर्षं चाकं दाबून दाबून त्यांचा अंगठा एका बाजूने सपाट झाला होता, नख तिरकं वाढायचं. तो अंगठा मी कॉलेजात असल्यापासून काढतेय. वह्याच्या वह्या आहेत. एकदाही जमला नाही. कधी तो बटाटा व्हायचा, कधी चमचा.

तुझ्या चित्रात तो जसा होता तसा आहे.

मावशी


११ मार्च

प्रिय ठिपके,

चांगली बातमी आहे. आम्हाला घरचा अभ्यास दिला होता, 'काम करणारा माणूस'. माझं चित्र सगळ्यांना आवडलं. शिकवणारीने मोठ्या पडद्यावर लावलं आणि म्हणाली, "बाई, सहा आठवड्यांत एवढं? हा हात बघा सगळ्यांनी." बसचालकांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. माझे कान गरम झाले. कौतुकाची सवय राहिली नाही, दुसरं काय.

मी आजोबांना काढलं. आपल्या घरातला काम करणारा माणूस म्हटलं की तेच ना.

शिकवणारीला एकच गोष्ट खटकली. "टेबलाची ही कडा रिकामी का सोडलीत? इथे काहीतरी होतं आणि उचलून नेलं असं वाटतं." मी म्हटलं, डोळ्याला विसावा हवा म्हणून सोडली. मास्तरकीची इतकी वर्षं झाली की कुठल्याही चुकीला नाव देता येतं.

या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वाचनालयात आमचं प्रदर्शन आहे. खालच्या दालनात पडदा लावणार, नऊजणांची नऊ चित्रं, घरच्या माणसांना बोलावणं. मी ताईला बोलावलं. ती म्हणाली, "बघते." म्हणजे येणार नाही.

तिने तुझं थोडं सांगितलं. औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं सरळ रेषेत बसवायचं काम तू दिवसभर करतेस. मी विचारलं, आणि चित्रं? ती म्हणाली, "चित्रं सोडली तिने. तुझ्या त्या समितीनंतर दोन प्रकाशकांकडे गेली होती. दोघांनी विचारलं, तुम्ही त्याच का, गिरवणाऱ्या? मग ती कुठे गेलीच नाही." मला हे माहीत नव्हतं. म्हणजे ती दोन दारं माहीत नव्हती. बात पसरते हे माहीत होतं.

तुझं नाव ठिपके का पडलं ते आठवतं? तीन वर्षांची होतीस. माझ्या जिन्याच्या भिंतीवर पेनाने ठिपके काढलेस, वरपासून खालपर्यंत, हात पोचेल तिथवर. ताई ओरडायला लागली तर तू म्हणालीस, ओरडू नको, मुंग्या जाग्या होतील. दोनदा रंग दिला त्या भिंतीला. ठिपके वर येतात ते येतातच.

जी पोर तीन वर्षांची असल्यापासून थांबली नाही तिने चित्रं सोडली, हे वाक्य लिहायला मला आज अर्धा तास लागला.

मावशी


२८ मार्च

प्रिय ठिपके,

आज प्रदर्शन झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आज अंगावर घेतलं. कोणाला तरी सांगायला हवं आणि तुझ्याशिवाय कोणाला सांगण्यात अर्थ नाही.

तुला माहीत असलेली एक गोष्ट मला माहीत नव्हती. टॅब सगळं लक्षात ठेवतो. पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत चित्र कसं झालं त्याचं रेकॉर्डिंग आपोआप आत साठतं, आणि नंतर ते सिनेमासारखं भरभर बघता येतं. या वर्गाची पद्धत अशी की प्रदर्शनात पूर्ण झालेलं चित्र आधी दाखवतात आणि मग ते रेकॉर्डिंग. शिकवणारीने हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं म्हणे. पहिल्या दिवशी मी एकेचाळीस वेळा सरळ रेघ मागे घेत होते, मी काय ऐकणार.

बसचालकांचं झालं. त्यांची बस काय डोलत डोलत तयार झाली, पोरं खिदळत होती. मग माझं नाव घेतलं. दालन भरलेलं. तेवढ्यात दारात ताई दिसली. आली होती ती, सगळ्यात मागे उभी राहिली.

पडदा पांढरा झाला. मग त्यावर तुझं चित्र आलं. पूर्ण, रंगीत, कपासकट. मग ते फिकट झालं. मग त्याच्यावरून माझी काळी रेघ फिरायला लागली. कपाळ, भिंग, खांदा. सरकत सरकत अंगठ्यावर आली आणि तिथे तुझ्या रेघेवरून इतकी हळू गेली की भरभर दाखवूनसुद्धा हळू दिसत होती. कोणीतरी म्हणालं, "अगंबाई, खाली दुसरंच चित्र आहे." शिकवणारी बटण शोधत होती. ते सापडेपर्यंत खालचं चित्र काढून टाकलेलंही सगळ्यांनी पाहिलं.

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं लोक म्हणतात. वाचनालयाची फरशी कुठे दुभंगते? मी तशीच उभी राहिले. बसचालक जवळ आले, हळूच म्हणाले, "बाई, गिरवूनच शिकतो माणूस. आमच्या अक्षरांची सुरुवात तशीच झाली ना." चांगला माणूस आहे. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

ताईने सगळं पाहिलं. गर्दी पांगल्यावर माझ्यासमोर येऊन ती एवढंच म्हणाली, "चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. आज बघितल्या." आणि गेली.

होय, गिरवलं मी. तुझं चित्र खाली ठेवून. तीन वर्षांपूर्वी जे तुझ्यावर लादलं ते स्वतः केलं, टाळ्या घेतल्या, आणि वर तुलाच बातमी कळवली.

खुर्च्या आवरताना शिकवणारीने विचारलं, "मूळ चित्र कोणाचं, बाई?"

"भाचीचं."

"फार मोठी चित्रकार असणार."

मी तिला समितीचं सांगितलं. तुला लिहिलं होतं तसंच सांगितलं, की मला वाटलं फोटो गिरवलाय, अंदाज चुकला. ती विचारात पडली. म्हणाली, "मग तिच्या चित्राचंही रेकॉर्डिंग असेल की. याच टॅबमध्ये. फोटो खाली असेल तर दिसेल, नसेल तर तेही दिसेल. आत्ता बघूया?"

मी म्हटलं, उशीर झालाय. दुपारचे चार वाजले होते.

मावशी


१ एप्रिल

ठिपके,

आज बुधवार. मी वर्गाला जाणार नव्हते. शिकवणारी घरी आली. आजोबांच्या टेबलाशीच बसलो आम्ही. दुसरीकडे टॅब ठेवायला जागा होती, पण ती तिथेच बसली.

तुझं रेकॉर्डिंग लावलं. साडेचार मिनिटांचं आहे.

पांढरा पडदा. खाली फोटो नाही, काही नाही. मग एक निळी रेघ, टेबलाची. मग आजोबांची पाठ, नुसता एक बाक. दोनदा पुसलीस. मग हात. अंगठा काढलास, पुसलास, काढलास, पुसलास. मी मोजत होते. सतरा. सतरा अंगठे चुकले तुझे, आणि त्यातले काही अगदी माझ्यासारखे चुकले, बटाट्यासारखे. अठरावा राहिला. मला रडू आलं. मी समजत होते तुला ते सहज आलं.

मग दोन मिनिटं होऊन गेल्यावर आजोबांच्या मागे आणखी एक माणूस उगवायला लागला. बाई आहे. केस मागे बांधलेले, चष्मा डोक्यावर चढवलेला, हातात कप. कपाचा कान तुटलेला, म्हणून तळहातात धरलाय. चेहरा तू छान काढला होतास. इतकी चांगली मी दिसत नाही.

शिकवणारीने चित्र थांबवलं. माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं.

"बाई, ह्या तुम्ही?"

मी मान डोलावली. तिने पुढे चालू केलं. तू मला पुसलंस. आधी चेहरा, मग खांदा, मग हात. कप तेवढा राहिला, तो टेबलावर ठेवलास. शिकवणारीने तारीखही बघितली. समितीच्या आठ दिवस आधीची होती. म्हणजे तू मला रागाने पुसलं नव्हतंस. मागे मी उभी राहिले की आजोबांवर उजेड पडत नव्हता, म्हणून पुसलंस. मीही तेच केलं असतं. रागाने पुसलं असतंस तर आज मला थोडं बरं वाटलं असतं.

"म्हणजे ती हे काढत होती तेव्हा तुम्ही खोलीत होतात," शिकवणारी म्हणाली. ओरडली नाही, जबाब घेतल्यासारखंही बोलली नाही.

"आठवडाभर," मी म्हटलं. "रोज चहा नेत होते."

आता सगळं लिहिते. अंदाज चुकला नव्हता. मला माहीत होतं. आजोबांचा कामाच्या टेबलाशी एकही फोटो नाही. कॅमेरा दिसला की ते भिंग काढून ठेवायचे आणि उठून उभे राहायचे. तू खाली मांडी घालून बसायचीस, टॅब गुडघ्यावर, आणि मी तुझ्या मागे उभी राहून बघायचे. शेवटच्या दिवशी तो अंगठा बघितला आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेले. तुला वाटलं असेल पसंत पडला नाही. मला हेवा वाटला होता, ठिपके. तू सहा वर्षांची असताना पेन्सिल धरायला मी शिकवलं, टॅब मी घेऊन दिला, आणि माझ्या बापाचा अंगठा तुझ्या हातून उतरला. मला चाळीस वर्षांत उतरवता आला नाही.

समितीत चित्र माझ्यासमोर आलं तेव्हा मला आधी कप दिसला. माझा कप. मी त्या खोलीत होते, त्याची ती खूणच होती. कप बघितला आणि तरी बोलले.

आणि तू गप्प राहिली नव्हतीस. तेही मी खोटंच लिहिलं. अध्यक्षांनी विचारल्यावर तू अगदी शांतपणे म्हणाली होतीस, "मावशी तिथे होती. तिला विचारा." सगळे माझ्याकडे वळले. मी कागदांची चळत नीट केली आणि म्हटलं, "मला काही आठवत नाही."

टॅब तुझ्या बॅगेत होता. रेकॉर्डिंग लावलं असतंस तर दोन मिनिटांत माझं तोंड बंद झालं असतं. तू बॅगेला हात लावला नाहीस. मी समजत होते, तुला सुचलं नाही. आज टेबलाशी बसून कळलं की तुला पुरावा द्यायचाच नव्हता. मी खरं बोलायला हवं होतं, एवढंच हवं होतं तुला.

मी गिरवताना कप गाळला. शिकवणारी म्हणाली ना, काहीतरी उचलून नेल्यासारखं वाटतं. तो मला गिरवता आला नाही.

आणखी एक आहे, सगळ्यात वाईट. आजोबा विचारायचे, "पोर का येत नाही?" मी सांगायचे, कामात असते. दीड वर्ष सांगितलं. ते म्हणायचे, "नाव काढेल." शेवटच्या आठवड्यातसुद्धा विचारलं आणि मी तेच सांगितलं. ते गेल्यावर तू आलीस, दोन दिवस राहिलीस, माझ्या हातून पाण्याचा ग्लासही घेतला नाहीस. ते बरोबर केलंस.

मावशी


१७ एप्रिल

ठिपके,

समितीकडे जाऊन आले. अध्यक्ष तेच आहेत, बाकी तिघे बदललेत. आधी त्यांनी चहा मागवला. मी म्हटलं, चहा नको, पडदा लावा.

तुझं साडेचार मिनिटांचं रेकॉर्डिंग लावलं. माझा चेहरा पडद्यावर आला तेव्हा मी म्हटलं, "ही मी. मी खोलीत होते. मला माहीत होतं. मी खोटं बोलले." शाळेत हजेरी घेतल्यासारखा आवाज लागला. तसा लागला म्हणून बोलता आलं.

अध्यक्ष चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "बाई, तीन वर्षं झाली. पुस्तक छापून झालं. आता या वयात स्वतःची बदनामी कशाला करून घेता? झाकली मूठ राहू द्या."

मी म्हटलं, "मूठ माझी आहे, नाव तिचं गेलंय." मग मी उठलेच नाही. पाऊण तास बसून राहिले. हट्टी पोरांसमोर मी असंच बसायचे, आठवत असेल. शेवटी त्यांनी लिहून दिलं. चित्र अस्सल आहे, आरोप खोटा होता, आरोप करणाऱ्याने तो मागे घेतला आहे. 'आरोप करणाऱ्याने' खोडून तिथे माझं नाव घालायला लावलं. त्या दोन प्रकाशकांनाही प्रत गेली. एक मी स्वतः नेऊन दिली. तिथल्या बाईंनी वाचून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाहू दे.

परत येताना ताईकडे गेले. तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. भाजी चिरत होती, चिरत राहिली. शेवटी मी विचारलं, "पोरगी काही म्हणते का माझ्या पत्रांबद्दल?"

ताईने सुरी खाली ठेवली.

"फाडत नाही ती. पण उघडतही नाही. एका खणात ठेवलीत सगळी, पाकिटं बंद. म्हणाली, ते अक्षर मला वाचायचं नाही."

घरी आल्यावर हे लिहायला बसले आणि मग लक्षात आलं की हेही त्याच खणात जाणार. पाकिटात घातलं की झालं. इतके दिवस मी कबुल्या देत होते आणि त्या बंदच होत्या. मनाला बरं वाटत होतं ते फुकटच. हे पत्र पाठवत नाही.


२० एप्रिल
(पोस्टकार्ड)

ठिपके, हे उघडावं लागत नाही म्हणून कार्डावर लिहितेय. पोस्टमनने वाचलं तरी चालेल, तुझ्या ऑफिसात कोणी वाचलं तरी चालेल.

तू गिरवलं नव्हतंस. तू काढत होतीस तेव्हा मी खोलीत होते. मला माहीत होतं आणि मी खोटं बोलले. समितीने तसं लिहून दिलंय, कागद टॅबसोबत पार्सलने येतोय. टॅबचं कुलूप तेच आहे.

त्यात माझं एक चित्र आहे. खाली काही न ठेवता काढलंय, एकही रेघ मागे घेतलेली नाही, चुकलेल्या तिथेच आहेत. नुसता कप आहे, कान तुटलेला, आणि तो धरलेला हात. हात माझा आहे.

मावशी